पियानोत मींड नाही, मग गाणं कुठून येतं?

प्रश्न : लेकीच्या कॉलेजात यंदा हिवाळ्यात पियानोच्या मैफिली सुरू झाल्या आहेत. महिन्याला एक, आणि वादक दर वेळी वेगळ्या देशातला. पहिल्या मैफिलीला गेलो. एक तुकडा संपला, आवडला, मी टाळ्या वाजवल्या. वाजवणारा मी एकटाच. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं वळून बघायला लागले, लेक मान खाली घालून बसली. मी वीस वर्षं सवाईला जातोय. तिथे जागा आवडली की तोंडून ‘वा’ निघतोच. इथे दाद द्यायची नाही, वाद्यात मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येत नाही, मग ऐकायचं तरी काय? पुढच्या वेळी बेटहोव्हेनचा ‘पॅथेटिक’ सोनाटा आणि शोपँ आहे. जाऊ की नको?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जा. लेकीलाही घेऊन जा.

टाळ्यांचं आधी सांगते. सोनाटा ही बहुधा तीन-चार भागांची एकच रचना असते आणि दोन भागांमधली शांतता हल्ली त्या रचनेतलीच धरतात. म्हणून शेवटपर्यंत थांबायचं. कळलं नाही तर वादकाकडे बघा. मधे थांबतो तेव्हा तो पट्ट्यांपासून दूर जात नाही, संपलं की उठून उभा राहतो. पण हा रिवाज काही सनातन नाही. १७७८ साली मोझार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. त्याच्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या, पहिल्या भागात, वाजवणं चालू असतानाच, एका जागेला लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. ती जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून शेवटाकडे त्याने ती पुन्हा आणली होती. तेव्हा तुमच्या हातून गुन्हा झालेला नाही. लेकीला हे पत्राचं जरूर सांगा.

आता मींड. माझे वडील पेटी वाजवायचे. मी नारायण पेठेतून लक्ष्मी रोडने सायकल मारत कॅम्पात पियानो शिकायला जायला लागले, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं होतं. पेटीला निदान भाता आहे, स्वर हवा तेवढा लांबवता येतो. पियानोत पट्टी दाबली की नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्यानंतर तो स्वर फुगवणं वादकाच्या हातात नसतं. स्वर जन्मल्या क्षणापासून विरायला लागतो. मग गायचं कसं? पहिला स्वर जेवढा विरलाय, तेवढ्याच अंदाजाने दुसरा ठेवायचा. जोरात पडला तर ठेच लागते, फार हलका पडला तर धागा तुटतो. बरोबर पडला की दोन स्वरांमधलं अंतर तुमचा कानच भरून काढतो. मी या वाद्याच्या प्रेमात पडले ती एवढ्याचसाठी.

पुण्यात बाहेरून येणाऱ्या वादकांची पानं उलटायला मी पुष्कळदा बसले आहे. वादकाच्या डावीकडे खुर्ची. ओळ संपत आली की उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा, त्याने मान हलवली की उलटायचं. तिथून पाय दिसतात. एका बाईंचा उजवा पाय मला अजून आठवतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात आणि स्वर एकमेकांत मिसळतात, सोडलं की गप्प होतात. या बाईंचा बूट पेडलवरून एकदाही सुटला नाही. जेमतेम कागद सरकेल एवढा वर, पुन्हा खाली. दाबक तारांना नुसते टेकत होते, त्यामुळे मागचा स्वर पुसला न जाता फिका होत होता.

‘पॅथेटिक’चा मधला, संथ भाग नीट ऐका. त्यावर बेटहोव्हेनने इटालियनमध्ये लिहिलंय, ‘आदाज्यो कांताबिले’, म्हणजे संथ आणि गाण्यासारखं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर १७९९ साली छापलेलं आहे. सुरुवातीला उजव्या हाताची करंगळीकडची बोटं गात असतात आणि त्याच हाताची अंगठ्याकडची बोटं खाली हळू आवाजात संगत करतात. एकाच पंजात गवई आणि साथीदार! धून एकदा होते, मग वरच्या सप्तकात पुन्हा. पुढे ती दोनदा परत येते. तुम्ही सवाईचे श्रोते, मुखडा ओळखायला तुम्हाला कुणी शिकवायला नको. शेवटच्या वेळी संगतीकडे कान द्या. आधी एका मात्रेत चार स्वर होते, आता सहा असतात. धून तीच, खालची चाल बदललेली. त्या जागी ‘वा’ मनातल्या मनात म्हणा.

शोपँ तुम्हाला जवळचा वाटेल. तो शिष्यांना गायक ऐकायला सांगायचा. त्याच्या नोक्टर्नमध्ये, म्हणजे रात्रीच्या शांत भावाच्या छोट्या रचनांमध्ये, डावा हात ठेका धरतो, उजवा त्यावर किंचित मागेपुढे होतो.

कानाला सुरुवातीला खटकलं असेल तर तेही साहजिक आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा गंधार थोडा चढा असतो, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवलं, त्यामागेही हीच तक्रार होती, मींड नाही आणि स्वर ठोकून ठरवलेले. दहा मिनिटं दिलीत की कान जुळवून घेतो.

जागा डावीकडची धरा, म्हणजे हात दिसतील.

प्रश्न : आमच्या कॉलेजात अशाच मैफिलीसाठी पियानो येणार आहे. व्यवस्था माझ्याकडे आहे. काय सांभाळू?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मोठा कॉन्सर्ट ग्रँड साधारण नऊ फूट लांब आणि पाचशे किलोच्या आसपास असतो, तेव्हा मंच आधी तपासून घे. आत दोनशेच्या वर तारा, त्यांचा एकूण ताण टनांत मोजतात, आणि तारांखालची फळी साध्या स्प्रूस लाकडाची. हवेतला ओलावा बदलला की ती फुगते-आकसते आणि सूर सरकतो. म्हणून एसी आयत्या वेळी लावू नकोस, आदल्या रात्रीपासून एकसारखा ठेव. पियानो जागेवर ठेवून झाल्यावरच ट्यूनरला, म्हणजे सूर जुळवणाऱ्याला, बोलाव. त्याचं काम चालू असताना माईक टेस्टिंग बंद, खुर्च्या ओढणं बंद. तो दोन तारांमधली बारीक थरथर कानाने मोजत असतो.

दीपप्रज्वलन हवंच असेल तर समई मंचाच्या दुसऱ्या टोकाला. पियानोवर हार नको, पाण्याचा ग्लास नको. पुष्पगुच्छ वादकाच्या हातात द्यायचा. देणाऱ्याने तो क्षणभरही झाकणावर टेकवू नये. एका कार्यक्रमात पाकळ्यांमधलं पाणी झाकणाच्या फटीतून आत गेलं आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी मध्यंतरानंतर वर आलीच नाही. वादकाने तो स्वर टाळत उरलेला कार्यक्रम पुरा केला.