निवृत्तीनंतर हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायचा तर कुठे, कसा आणि तिथे लोक खरंच खूश असतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोरंटोत राहता, दोघंही नुकतेच निवृत्त झालात, दर जानेवारीत बर्फ उपसण्याचा कंटाळा आलाय. गाडीमागे ओढायचा, राहण्याजोगा ट्रेलर घेऊन नोव्हेंबर ते मार्च ॲरिझोनात स्नोबर्ड (फक्त हिवाळ्यापुरते उबेला येऊन राहणारे) म्हणून राहावं का, राहिलात तर कुठे, आणि तिथले लोक कुठल्या ठिकाणी सगळ्यात समाधानी दिसतात.

शेवटच्या भागापासून सुरू करतो, कारण जागा त्यावरच ठरते. १९९८ मध्ये डेव्हिड श्काडे आणि डॅनिएल कानेमन या संशोधकांनी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दलचं समाधान विचारलं. कॅलिफोर्नियावाले जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात समाधान जवळपास सारखंच निघालं. हवेबद्दल विचारलं की हवा फार मोठी गोष्ट वाटते, रोजच्या जगण्यात तिच्याकडे लक्षही जात नाही. (फिनलंड २०१८ पासून जागतिक सुखाच्या यादीत पहिलं असतं, तरी फिनिश पेन्शनर थंडीत स्पेनच्या फुएन्हिरोलाला जाऊन राहतातच.) म्हणून ऊन हवं असेल तर जरूर जा, पण जागा निवडताना उन्हाचा विचार करू नका, ते सगळीकडे आहे. दुपारी चार वाजता तुम्ही काय करत असाल आणि कोणाशी बोलत असाल, त्याचा विचार करा.

ढोबळमानाने तीन पर्याय आहेत. पहिला, ५५ वर्षांवरच्यांच्या वसाहती आणि आरव्ही (राहण्याच्या गाड्या आणि ट्रेलर) उभ्या करायचे पार्क. फिनिक्सजवळचं सन सिटी १ जानेवारी १९६० ला सुरू झालं, ते या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध. मेसा, अपाची जंक्शन आणि युमा इथे आरव्ही पार्क भरपूर आहेत. वीज, पाणी, ड्रेनेज जागेवर मिळतं. ट्रेलर नको असेल तर ‘पार्क मॉडेल’ म्हणजे साधारण ४०० चौरस फुटांचं छोटं घर भाड्याने घेता येतं. कायद्याप्रमाणे अशा वसाहतीतल्या किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून मोठा लागतो, त्यामुळे नातवंडं राहायला येणार असतील तर त्या पार्कचा पाहुण्यांचा नियम आधी विचारा. सुतारकामाची वर्कशॉप, पत्ते, पिकलबॉल, पोहणं असं सकाळपासून काही ना काही चालू असतं.

दुसरा पर्याय सरकारी वाळवंट. अमेरिकेच्या जमीन खात्याने (तिथे सगळे बीएलएम म्हणतात) १९८३ पासून हिवाळी मुक्कामासाठी काही भाग राखून ठेवलेत, त्यांना एलटीव्हीए म्हणतात. क्वार्टझाइट गावाच्या दक्षिणेचा ला पोसा ॲरिझोनातला, युमाजवळचा इम्पीरियल डॅम आणि बाकीचे कोलोरॅडो नदीपलीकडे कॅलिफोर्नियात. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. बरीच वर्षं अख्ख्या हंगामाचा परवाना १८० डॉलर आणि १४ दिवसांचा ४० डॉलर होता. निघताना ताजा दर बघून घ्या. आखलेले प्लॉट नाहीत, वीज नाही, नळजोडणी नाही. दोन गाड्यांमध्ये किमान १५ फूट अंतर आणि रात्री १० ते सकाळी ६ जनरेटर बंद, एवढं पाळायचं.

तिसरा पर्याय बीएलएमचीच फुकट जमीन. एका जागी २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, मग दूर हलायचं. हे फिरत्या लोकांसाठी ठीक आहे. स्लॅब सिटीचंही नाव तुमच्या कानावर येईल. कॅलिफोर्नियातल्या नायलँडजवळच्या जुन्या लष्करी तळावरची ती वस्ती बघायला जा, पहिल्याच हिवाळ्यात राहायला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर सगळ्यात समाधानी लोक एलटीव्हीएतले, पण फक्त दर वर्षी त्याच कोपऱ्यात, त्याच चार-सहा गाड्यांच्या घोळक्यात परतणारे. इम्पीरियल डॅमला असे घोळके जास्त दिसतात. ला पोसात जानेवारीत आरव्ही प्रदर्शन आणि रत्न-खडकांच्या बाजारांची इतकी गर्दी होते की जेमतेम अडीच हजार वस्तीचं क्वार्टझाइट ओळखू येत नाही. बाजार आवडत असेल तर मजा आहे, शांतता हवी असेल तर तो महिना युमाकडे काढा. मात्र दोघांपैकी एकालाच वाळवंटाची हौस असेल, किंवा एकाला गुडघ्याचा, हृदयाचा त्रास असेल, तर सरळ पार्क घ्या. एलटीव्हीएत दिवसाचे एक-दोन तास पाणी, वीज, सांडपाणी यातच जातात. ज्याला हे काम करताना मजा येते तो तिथे रमतो, ज्याला ती कटकट वाटते तो फेब्रुवारीत ट्रेलर विकायला काढतो.

ते काम नेमकं काय असतं, ते सांगतो.

पाणी: ट्रेलरची टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे १५० लिटर. दोघांनी रोज ६ गॅलनमध्ये भागवलं तर आठवडाभर पुरते. नळ सोडून भांडी धुतलीत तर तीन दिवसांत संपते, आणि त्याआधी सांडपाण्याची टाकी भरते. भांडी आधी कागदाने पुसा, मग तसराळ्यात धुवा. टाकी भरायला ट्रेलर हलवायची गरज नाही, पण ६ गॅलनचा कॅन २३ किलोचा होतो आणि सत्तरीच्या पाठीला तो रोज उचलणं झेपत नाही. पिकअपमध्ये ४५ गॅलनची रबरी पिशवी आणि १२ व्होल्टचा छोटा पंप ठेवा. भरलेली पिशवी १७० किलोची असते, ती बांधून ठेवा, नाहीतर वळणावर घसरते.

संडासाची टाकी, म्हणजे ब्लॅक टँक: नवखे इथेच अडकतात. पार्कमध्ये ड्रेनेजला जोडल्यावर व्हॉल्व्ह उघडाच ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग खाली साठत जाऊन त्याचा डोंगर होतो. तो मग फोडून काढावा लागतो. व्हॉल्व्ह नेहमी बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच उघडा. आधी ब्लॅक, मग ग्रे (अंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी) रिकामी करा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. रिकामी केल्यावर ३-४ गॅलन साधं पाणी आत सोडा. पाणी वाचवायचं म्हणून इथे हात आखडू नका. ला पोसात टाक्या रिकाम्या करायची सोय आहे. ट्रेलर हलवायचा नसेल तर उपसा करणारा ट्रक जागेवर बोलावता येतो.

वीज: डिसेंबरच्या शेवटी क्वार्टझाइटला भर दुपारी सूर्य जेमतेम ३३ अंशांवर असतो. छतावर आडवं ठेवलेलं पॅनल त्यामुळे निम्म्याच्या आसपास देतं. तेच दक्षिणेकडे तोंड करून साधारण ५५ अंशांवर उभं केलं की फरक लगेच दिसतो. ४०० वॉटचं पॅनल उभं केलं तर दिवसाला सुमारे दीड युनिट मिळतं, आडवं असेल तर एकच्या आसपास. दिवे, पंप, लॅपटॉप आणि हीटरचा पंखा एवढ्याला दीड युनिट पुरतं, फ्रीज गॅसवर चालत असेल तर. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, लिथियममधली ८०-९० टक्के वापरता येते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, कायमची खराब होते. ती ट्रेलरच्या आतच बसवा.

थंडी: लोक फसतात ते इथे. दिवसा २० अंश असतात, पण रात्री ३-४ आणि कधी शून्याखाली. ट्रेलरची भट्टी ताशी ३०,००० बीटीयूची असेल तर ९ किलोचा सिलिंडर सुमारे १४ तास जळतो. भट्टी मधूनमधून चालते म्हणून तो तीन-चार रात्री पुरतो, पण तिचा पंखा ७ अँपिअर खातो आणि सकाळपर्यंत जुनी बॅटरी बसते. म्हणून बरेच जण बिनपंख्याचा गॅस हीटर वापरतात. त्याच्यासोबत खिडकी बोटभर उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू, या दोन गोष्टी ठेवायच्याच. झोपताना तो बंद करा, जाड रजई घ्या.

स्वयंपाकाचं वेगळं सांगतो, कारण इंग्रजी व्हिडिओत ते कोणी सांगत नाही. कुकर न्या, पाणी आणि गॅस दोन्ही वाचतं. फोडणी मात्र ट्रेलरच्या आत करू नका: धुराचा अलार्म ओरडतो आणि हिंग-मोहरीचा वास गादीत महिनाभर राहतो. बाहेर टेबलावर एक शेगडी ठेवा. तूरडाळ, पीठ, मसाले फिनिक्सच्या बाजूला चँडलर, टेंपीत सहज मिळतात. क्वार्टझाइटहून ते सव्वाशे मैलांच्या वर आहे, तेव्हा येतानाच भरा.

जागा पकडताना जमीन बघा. वाळूचा सपाट, मऊ, छान पट्टा दिसला तर तो बहुतेक कोरडा ओढा असतो. पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. उंचवट्यावरची काळपट खडीची जमीन घ्या. गाडीने वाहता रस्ता ओलांडायला जाऊ नका. ॲरिझोनात अडथळे लावलेला रस्ता ओलांडताना अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे. छत्रीसारखा उघडणारा कापडी मांडव बाहेर जाताना आणि झोपताना गुंडाळा, वारा सांगून येत नाही. पॅकरॅट नावाचे उंदीर इंजिनाच्या वायरी कुरतडतात. त्यांना अंधारी, आडोशाची जागा लागते, म्हणून रात्री बॉनेट उघडं ठेवा आणि खाली दिव्यांची माळ लावा. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका, दाते मोठे असलेला कंगवा खालून सरकवून झटका द्या.

तब्येतीबद्दल. क्वार्टझाइटमध्ये मोठं हॉस्पिटल नाही, पार्कर सुमारे ३५ मैलांवर आहे. युमात मोठं हॉस्पिटल आहे, हे इम्पीरियल डॅमच्या बाजूने जाणारं आणखी एक कारण. धुळीतल्या बुरशीमुळे होणारा व्हॅली फीव्हर ॲरिझोनात बराच आढळतो. तो फ्लूसारखा दिसतो. खोकला, थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर रक्ततपासणी करा. टोरंटोला परतल्यावर लक्षणं दिसली तर ‘ॲरिझोनात होतो’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांच्या डोक्यात तो आजार सहसा येत नाही. दातांसाठी युमाचे बरेच लोक सीमा चालत ओलांडून मेक्सिकोच्या लॉस अल्गोदोनेसला जातात. फाटक रात्री १० ला बंद होतं.

आता कागदपत्रं, कारण खरे महाग घोटाळे इथे होतात. तुमच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे की भारतीय पासपोर्टवर पीआर (कायम रहिवासी), ते लिहिलेलं नाही. व्हिसाची सूट फक्त नागरिकांना आहे. पीआरवर असाल तर बी-१/बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा लागतो, आणि मेक्सिकोत डोकावायचं असेल तर तो पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे बघा. नागरिकांना साधारण सहा महिने राहता येतं. पण एप्रिल २०२५ पासून, जमिनीच्या सीमेवरून आय-९४ (प्रवेशाची नोंद) न घेता आलेल्या आणि ३० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या कॅनेडियनांनाही नोंदणी करावी लागते. आय-९४ असेल तर ती झालेली धरतात, म्हणून सीमेवर तो घेणं सोपं.

करखात्याचा हिशेब वेगळा आहे. चालू वर्षाचे दिवस, अधिक गेल्या वर्षाचे एक-तृतीयांश, अधिक त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश, अशी बेरीज १८३ झाली की अमेरिका तुम्हाला करासाठी रहिवासी धरू शकते. दर वर्षी १२१ दिवस राहिलात तर बेरीज १८१.५ होते, सुटलात. दर वर्षी १५० राहिलात तर २२५. तेव्हा दोघांनीही स्वतंत्रपणे फॉर्म ८८४० भरून ‘आमचे जवळचे संबंध कॅनडाशी आहेत’ असं कळवायचं, मुदत १५ जून. एकाच वर्षात १८३ दिवस भरले तर हा फॉर्मही उपयोगी पडत नाही. सीमा ओलांडली तो अर्धा दिवसही पूर्ण धरतात. ऑन्टारियोची सरकारी आरोग्य विमा योजना ओहिप १२ महिन्यांत २१२ दिवसांपर्यंत बाहेर राहू देते, पण अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या बिलात तिचा वाटा नगण्य असतो. प्रवास विमा हवाच.

त्या विम्यात ‘स्थिर प्रकृती’चं कलम वाचा. निघण्याआधी ठरावीक दिवस, बहुधा ९० किंवा १८०, जुन्या आजाराच्या औषधात बदल झालेला चालत नाही. रक्तदाबाची गोळी कमी केली तरी तो बदलच धरतात. डॉक्टरांकडची तपासणी आणि डोस ठरवणं मेमध्येच उरका, ऑक्टोबरमध्ये नको.

आणि मागे राहिलेलं घर. पाण्याचा मुख्य नळ बंद करून सगळे नळ उघडा, पाइप रिकामे करा, तापमान १२-१३ अंशांवर ठेवा. बऱ्याच पॉलिसींत हिवाळ्यात घर रिकामं असेल तर कोणीतरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन बघायची अट असते. कंपनीला लेखी विचारा किती दिवसांनी, आणि जो शेजारी किंवा मंडळातला मित्र बघणार आहे त्याला प्रत्येक फेरीत तारखेसह फोटो काढून पाठवायला सांगा. पाइप फुटला तर विमावाले आधी तेच मागतात.