त्याला कळतं का, तो असा वागतो ते?

नार्सिसिस्ट माणसाबद्दल, म्हणजे स्वतःलाच मोठं मानणाऱ्या आणि समोरच्याचं मन न बघणाऱ्या माणसाबद्दल, हा प्रश्न विचारायला माझ्याकडे समुपदेशनासाठी बायको येते, आई येते, मोठी झालेली मुलं येतात. ज्याच्याबद्दल विचारायचं तो माणूस बहुतेक वेळा येतच नाही.

मागे एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), म्हणाल्या, मॅडम, त्याला एकदा कळलं ना की तो नार्सिसिस्ट आहे, की मग सुधारेल. पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन आल्या आणि मी काही बोलायच्या आत तोच म्हणतो, "हो, आहे मी स्वतःपुरतं बघणारा, म्हणून तर इथवर पोचलो!" ताई नुसत्या बघत राहिल्या. म्हणजे कळत होतंच की. 2014 मध्ये संशोधकांनी लोकांना सरळ एकच प्रश्न विचारून बघितला, तुम्ही नार्सिसिस्ट आहात हे कितपत पटतं, 1 ते 7 मध्ये सांगा, आणि अशी माणसं बऱ्यापैकी खरं सांगतात असं दिसलं. त्यात लाजण्यासारखं काय, असंच त्यांना वाटतं.

मग त्याने अर्धा तास बायकोशी झालेलं एक भांडण सांगितलं, स्वतःचं वाक्य न् वाक्य पाठ. मी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या? थांबला. आठवेना. आणि मग भडकलाच माझ्यावर, पुढची दोन सेशन्स गायब. इथेच बरेच जण सोडून जातात कारण आतून लाज वाटते आणि ती सहन होत नाही, मग रागच येतो.

हा मात्र परत आला, एकटाच. "विचारलं मी तिला. म्हणाली, तेव्हा मी काहीच बोलले नव्हते, बोलणं सोडून दोन वर्षं झाली." मान खाली. आणि मग, "पण तिनेही सांगायला हवं होतं ना." हे 'पण' आधी लगेच यायचं, त्या दिवशी जवळजवळ मिनिटभराने आलं. माझ्या हिशोबात तो मिनिट म्हणजेच जाणीव, यावर गोळी नसते, हे असंच सरकतं, वर्षानुवर्षं.

(आणि हो, रील्स बघून कोणालाही लेबल लावू नका, हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे असं म्हणायला नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात आणि ती तज्ज्ञानेच तपासायची. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची सुरक्षितता, त्याच्या जाणिवेची वाट बघत बसू नका.)

ताई आता वेगळ्या वेळी स्वतःसाठी येतात. परवा विचारत होत्या, अजून किती थांबायचं हे मी ठरवलं तर चालेल ना?