काठ निवडू नका, नदी ओलांडा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघे जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात जाणार आहात आणि कोणत्या काठाने जावे यावरून तुमचे एकमत होत नाही, हे वाचून मला तुझी काळजी वाटली आणि थोडा रागही आला. बिंगेन ते कोब्लेंझ या सुमारे 65 किलोमीटरांतले किल्ले तू मोजून ठेवलेस. परंतु ते कोठून पाहायचे, याचा विचार केला नाहीस. काठ निवडायचा नसतो, नदी ओलांडायची असते.

ज्या किल्ल्यात आपण उभे असतो तो आपल्याला दिसत नाही. दिसतो तो समोरचा. डाव्या काठावरच्या सांक्ट गोआर गावाच्या वरचा ऱ्हाइनफेल्स किल्ला 1245 मध्ये बांधायला घेतला गेला, 1692 मध्ये त्याने फ्रेंच वेढ्याला दाद दिली नाही, आणि पुढे फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. त्याच्या पडक्या तटावरून पलीकडचा काट्झ किल्ला पाहावा. तो खासगी मालकीचा असल्याने आत जाण्याचा प्रश्नच नाही. ऱ्हाइनफेल्सचा पसारा मात्र समोरच्या काठावरच्या सांक्ट गोआर्सहाउझेनला उतरून मागे वळून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. म्हणून नदी ओलांडा.

फेरीबोटीत वेळ जातो, ही तुझी तक्रार. जाऊ दे. कोब्लेंझ आणि माइंझ यांच्या दरम्यान नदीवर एकही पूल नाही. बिंगेनजवळचा रेल्वेपूल 1945 मध्ये उडवला गेला, तो पुन्हा उभा राहिला नाही. माझ्याबरोबर आलेल्यांनीही हीच कुरकुर केली आणि मला हट्टी ठरवले. मी हट्टी आहेच. पण पुढे त्यांनी जी छायाचित्रे कौतुकाने दाखवली, ती सगळी पलीकडच्या काठावरून काढलेली होती. हे कोणी मला तुझ्या वयात सांगितले नाही, याची रुखरुख अजून आहे.

शरदात तर हे अधिकच पाळावे लागते. नदी साधारण वायव्येकडे वाहते, त्यामुळे सकाळचे ऊन डाव्या काठावर आणि दुपारनंतरचे उजव्या काठावर पडते. सकाळी दरीत अनेकदा धुके असते, तेव्हा खरी मदार दुपारवरच. कौबजवळ नदीतल्या खडकावरचा, चौदाव्या शतकात जकातीसाठी बांधलेला फाल्झग्राफेनश्टाइन किल्ला दुपारी डाव्या काठावरून पाहा. त्याच्या मागे पाटीच्या दगडाच्या चढावरचे पिवळे पडू लागलेले द्राक्षमळे एकसंध दिसतील. मळ्यात शिरलात तर समोर फक्त वेलींची रांग. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे जातात, आणि मग पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

तुझ्या पत्नीला मार्क्सबुर्ग आतून पाहायचा आहे, त्यावर वाद घालू नकोस. आसपासचे कित्येक किल्ले एकोणिसाव्या शतकात नव्याने उभारलेले आहेत. हा डोंगरी किल्ला मात्र कधीच उद्ध्वस्त झाला नाही. तो उजव्या काठावर आहे, म्हणजे तुला नदी ओलांडावीच लागेल, आणि तिचे म्हणणे माझ्या बाजूचे ठरते.

मुक्काम सांक्ट गोआरला करा, फेरीबोट जवळ राहील. रुळांकडची खोली घेऊ नका. दोन्ही काठांनी रात्रभर मालगाड्या धावतात. शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे पोहोचताच विचारून घ्या. ती चुकली तर पूल थेट कोब्लेंझला.

कळावे.