पुढच्या शॉकअपचे दणके: आधी तेल पाहा

सोलापूरच्या होटगी रस्त्यावर जुन्या दुचाकीचे हँडल मनगटाला दणके देते, म्हणून लगेच नव्या स्प्रिंगांवर खर्च करू नका. आधी शॉकअपच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा. धूळ मिसळलेल्या तेलाचे काळे कडे दिसले तर ऑइल सील (तेल आत रोखणारी रबरी रिंग) गेले आहे, आणि नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही लवकरच फाटेल.

तेल बदलताना, सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो म्हणून दाट तेल भरण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो मला पटत नाही, कारण दाट तेल बारीक छिद्रांतून वेळेत सरकत नाही आणि लहान खड्डाही थेट हातापर्यंत पोहोचतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलेच तेल, दोन्ही नळ्यांत मापाने अगदी सारखे भरावे. जास्त भरल्यास वरची हवेची जागा कमी होऊन शॉकअप शेवटी ताठ होतो. वरचे झाकण स्प्रिंगच्या दाबाखाली असते, ते जपून उघडा.

टायरमधील हवा आणि कोनसेटही (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) तपासाच. चाक बसवल्यावर, एक्सल (चाकाचा दांडा) पूर्ण आवळण्यापूर्वी, हँडल चार-पाच वेळा खाली दाबा, म्हणजे दोन्ही नळ्या समांतर बसतात आणि अडकत नाहीत.