परड्यातला रानससा: फोटो काढणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळी सरली, कोकणात सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत पिवळं पडलं की शिंपण्याच्या परड्यांकडे, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाफ्यांकडे ससे वळतात. आमच्याकडे येणारे प्रश्नही या दिवसांत त्यांच्याचबद्दल असतात. त्यांतले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न (गुहागर): लाल माठ आणि मुळ्याचा पाला रोज सकाळी खाल्लेला दिसतो. ससाच असेल ना? आणि फोटोसाठी बसायचं कुठे?

आधी देठ बघा. गुरांना आणि शेळ्यांना वरचे पुढचे दात नसतात. ती पाला ओढून तोडतात, म्हणून देठाच्या टोकाला धागे लोंबत राहतात. सशाला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात आहेत. त्याने खाल्लेला देठ विळीवर चिरल्यासारखा स्वच्छ आणि तिरका दिसतो. साळिंदर असेल तर माती उकरलेली सापडेल. लेंडीही बघून घ्या. शेळीची लांबट असते, सशाची वाटाण्याएवढी, गोल, किंचित चपटी. सुकलेली लेंडी बोटांनी फोडली की आत बारीक चिरलेल्या गवताचा भुसा निघतो.

आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही. दिवसभर तो गवतात अंगाएवढ्या खळग्यात पडून असतो आणि काळोख पडता पडता ठरलेल्या वाटेने बाहेर निघतो. परड्यात शिरायला त्याला वईतलं (कुंपणातलं) भोक किंवा ढासळलेला गडगा (दगडी बांध) पुरतो. संशय येईल तिथे चुलीतली राख चाळून हातभर लांब, पातळ पसरून ठेवा. सकाळी चार ठशांचा एक गट मिळेल: दोन लहान मागेपुढे, आणि दोन लांबट जोडीने. लांबट ठसे मागच्या पायांचे. उडी घेताना ते पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, म्हणजे लांबट ठसे ज्या अंगाला, ससा तिकडे गेला. पुष्कळजण हे उलटं वाचतात आणि दोन संध्याकाळी भलत्याच बाजूला तोंड करून बसतात.

आता बसायची जागा. सशाला आपला वास जाऊ नये, म्हणून वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा. किनाऱ्यावर संध्याकाळी खारे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणजे तुम्ही सशाच्या पूर्वेला बसायचं. पण मग मावळता सूर्य थेट लेन्समध्ये. पहाटे मतलई वारे पूर्वेकडून, म्हणून पश्चिमेला बसावं, तर आता उगवता सूर्य समोर! दोन्ही वेळा वारा आणि उजेड एकमेकांच्या विरोधात. यातून वाट अशी, की भोकाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला ७-८ मीटरवर बसा. वारा आडवा निघून जातो आणि बाजूच्या उजेडात अंगावरचा केसन् केस दिसतो. आडोशाला चुडताचे (माडाच्या झावळीचे) दोन विणलेले झाप उभे करा, पण आठवडाभर आधी. नवी वस्तू दिसली की ससा तीन-चार दिवस वाट बदलतो. अर्थात पातळ कानांमधून लाल उजेड झिरपलेला हवा असेल तर मुद्दाम सूर्यासमोर बसा.

प्रश्न (देवगड): साधा डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स आहे. ससा येतो, पण फोटो हललेले. लेन्स बदलू का?

लेन्स पुरेशी आहे. छोट्या म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर ३०० मि.मी.ला ८ मीटरवरच्या चौकटीची रुंदी साधारण ६० सें.मी. भरते, सशाने ती छान भरते. एफ ५.६ ला (लेन्सचं तोंड किती उघडं, त्याचा हा आकडा) फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे स्पष्ट येणारा पट्टा, १५ सें.मी.च्या आसपास मिळते. ससा आडवा असेल तर सगळा नीट येईल, तोंड तुमच्याकडे असेल तर पाठ धूसर राहील. राहू द्या, फोकस डोळ्यावर ठेवा.

घोटाळा उजेडाचा आहे. आयएसओ (सेन्सर उजेड किती टिपतो तो आकडा) ६४०० आणि एफ ५.६ धरलं तर सूर्य बुडताना १/२५० सेकंदाचा शटर मिळतो. तिथून पंधरा मिनिटांत तो १/३० वर घसरतो, आणि ससा नेमका त्याच पंधरा मिनिटांत येतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे साडेपाचला जागेवर बसलेलं बरं. १/१२५ च्या खाली गेलात की चरणाऱ्या सशाचा डोळा स्पष्ट आणि तोंड पुसट येतं, कारण जबडा सतत हलत असतो. मात्र मधूनच तो चघळणं थांबवतो, कान उभारतो आणि दोन-तीन सेकंद दगडासारखा बसतो. बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) तेव्हाच सोडा. आठ-दहा फोटोंतला एखादा १/३० लाही खणखणीत निघतो. पळणाऱ्या सशाला १/१६०० लागतो. तो खेळ सकाळच्या उन्हातला, संध्याकाळी नाद करू नका. काळोख झाला म्हणून मुद्दाम अंडर (गरजेपेक्षा काळपट) काढून नंतर उजळवू नका. त्यापेक्षा आयएसओ वाढवलेला परवडतो.

हातात धरून १/३० जमत नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवा, दीड किलो तांदूळ भरा आणि लेन्स त्यावर टेकवा. लेन्सची उंची जमिनीपासून वीतभर, म्हणजे सशाच्या डोळ्याला डोळा. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि कान येतात. स्टॅबिलायझर चालू ठेवा.

एक महत्त्वाचं. वीतभर उंचीसाठी देवगड-रत्नागिरीच्या कातळावर, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) ढिगाजवळ तिन्हीसांजेला पालथं पडू नका. ती फुरशांची, म्हणजे विषारी सापांची वेळ आणि फुरशांचीच जागा. पाटावर बसा, कॅमेरा पुढे खाली ठेवा आणि स्क्रीन उघडत असेल तर वरून बघा. पायात बूट, उठताना आधी बॅटरी.

प्रश्न (वेंगुर्ले): गाजरं टाकली तर जवळ येईल का? रात्री फ्लॅश मारला तर चालेल का?

गाजर टाकू नका. ससा ठराविक जागी ठराविक वेळी येऊ लागला की वाडीतले कुत्रे ते आधी ओळखतात, रानमांजर त्यांच्याही आधी. माठाचा एक वाफा त्याच्या नावाने सोडलात तरी भागेल.

फ्लॅशने डोळे लाल येतात आणि ससा क्षणभर आंधळा होऊन कुठेही धावतो. त्याऐवजी पडवीतला ९ वॉटचा एलईडी बल्ब रोज संध्याकाळपासून लावून ठेवा, पंधरवड्यात त्याला सवय होते. ५० मि.मी. एफ १.८ लेन्स, बल्बपासून ४ मीटरवर ससा, आयएसओ ६४००: एवढ्यात १/५० मिळतो. त्याहून वेगळा शटर घेतला तर काही एलईडींच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात, म्हणून १/५० किंवा १/१०० लाच थांबा.

प्रश्न (राजापूर): ट्रॅप कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावलाय. रोज दोनशे रिकामे फोटो, आणि ठसे असूनही ससा नाही.

दोन्हीचं कारण एकच. हा सेन्सर ससा बघत नाही, हलणारा उष्णतेचा फरक बघतो. दुपारी उन्हाने तापलेलं केळीचं पान हललं की कॅमेऱ्याला ते जनावर वाटतं. उलट फाल्गुन-चैत्रात तापलेला चिरा संध्याकाळी सशाच्या अंगाएवढाच गरम असतो, मग समोरून ससा गेला तरी फरकच पडत नाही. कॅमेऱ्यासमोर कातळ किंवा गडगा नको. ओली माती, वाफा किंवा सावलीतली जागा घ्या. समोरचं दोन मीटरचं गवत बेणून टाका आणि तोंड उत्तरेला करा.

उंची २५ ते ३० सें.मी. पुरे. बहुतेकजण माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर बांधतात आणि ससा सेन्सरच्या नजरेखालून निघून जातो. वाटेला काटकोनात लावलात तर कॅमेरा जागा होईपर्यंत चौकटीत फक्त शेपूट उरते. ४५ अंशांत तिरका लावा. अंतर दोन ते तीन मीटर. त्याहून जवळ फोकस जात नाही आणि रात्री ससा पांढराफटक येतो. विकत घेताना रात्रीच्या अवरक्त दिव्यांचा ९४० नॅनोमीटरचा घ्या, ८५० च्या दिव्यांचा लालसर ठिपका जनावराला दिसतो. पट्ट्याला बोटभर रुंद ग्रीस लावा, नाहीतर पावसाळ्याआधी मुंग्या आत घर करतात.

प्रश्न (अलिबाग): काजूखालचं गवत काढताना सशाचं पिल्लू दिसलं. एकटंच आहे. घरी आणून फोटो काढून सोडू का?

हात लावू नका. रानसशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात आणि गप्प पडून राहतात. आई लांब राहते, काळोखात थोडा वेळ पाजून जाते. तेवढा पट्टा गवत ठेवा, कुत्रा बांधा आणि लांबून एक फोटो काढून निघा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पिल्लू घरी ठेवणं गुन्हा ठरतो. फोटो टाकताना गाव आणि जागा लिहू नका, मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा. फासकी लावणारेही फोटो बघतात.

प्रश्न (मालवण): लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय.

बुरशी. बाहेरून पुसून जात नाही, लेन्स उघडून साफ करावी लागते. आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर डाग कायमचे. दुसरी लेन्स तरी वाचवा. रबर कडेचा हवाबंद डबा, आत पाव किलो नारिंगी सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ६० च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवू नका, पीठ आत जातं. चामड्याची पिशवीही नको, ती ओल धरून ठेवते. एसीच्या खोलीतून बाहेर येताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू दे, नाहीतर ससा समोर आणि काचेवर दव. सिलिका हिरवी पडली की मंद आचेवर कोरड्या कढईत नारिंगी होईपर्यंत परता, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात टाकू नका.