वाचकांचे प्रश्न : मुलींची टेनिस प्रशिक्षक व्हायचंय

प्रश्न : ताई, मी निफाडची. नाशिकच्या कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे. अकरावीत पहिल्यांदा टेनिसची रॅकेट हातात घेतली, गेली दोन वर्षं कॉलेजच्या संघात आहे. मला मुलींची प्रशिक्षक व्हायचंय. बाबा म्हणतात, "त्यात पोट भरेल का? गुपचूप बी.एड. कर." शिवाय मी लहानपणापासून खेळलेली नाही. काय करू?

उत्तर : बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी पैशांचंच बोलू. कॉलेजात टेनिस प्रशिक्षकाची कायम जागा सहसा नसते. कायम पद शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्यासाठी एम.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीला, 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. माझ्यासारख्या कॉलेजच्या टेनिस प्रशिक्षकाला हंगामापुरतं मानधन मिळतं. 2007 साली मी सुरुवात केली तेव्हा एका कॉलेजने ते वर्षभर थकवलं. मुली येत होत्या म्हणून मीही सकाळी सहाला जात राहिले. तू मात्र पहिल्याच दिवशी सगळं लेखी घे. माझं घर आजही गंगापूर रोडवरच्या लहान मुलांच्या संध्याकाळच्या बॅचवर चालतं.

बाबा बी.एड. म्हणतात ना, तू बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, कर. तेही दोन वर्षांचंच, आणि एम.पी.एड.ची वाट तिथूनच जाते. एखाद्या उन्हाळ्यात एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उरकून घे.

उशिरा सुरुवात झाली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कॉलेजात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली तुझ्यासारख्याच. कुणी बॅडमिंटन सोडून आलेली असते, तिचं मनगट प्रत्येक फटक्याला वळतं. कुणी खो-खोतून आलेली, ती धावते सुंदर पण चेंडूच्या फार जवळ जाऊन अडकते. सटाण्याची एक मुलगी सामन्यागणिक डबल फॉल्टवर, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्ह चुकवून, हरायची. तिचा टॉस, म्हणजे सर्व्हसाठी वर टाकलेला चेंडू, डोक्याच्या मागे जायचा. मी तिची रॅकेट काढून घेतली आणि तिच्या डाव्या पायापुढे जमिनीवर आडवी ठेवली. चेंडू वर टाकायचा, मारायचा नाही, तो खाली येऊन त्या रॅकेटच्या जाळीवर पडला पाहिजे. आठ दिवस रोज शंभर वेळा. वैतागून रडली. त्या वर्षी झोनलला, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेत, पहिली सर्व्ह आत पडली तेव्हा पुढचा चेंडू घेण्याआधी तिने वळून माझ्याकडे पाहिलं. हा टॉस आपल्यालाही उशिराच जमला, हे आठवणारी प्रशिक्षक त्या मुलींना हवी असते.

आणखी एक. मुलींच्या प्रशिक्षकाचं अर्धं काम कोर्टाबाहेर असतं. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला न्यायचं तर घरी जाऊन ओट्यावर बसावं लागतं, वडिलांना परतीचं तिकीट दाखवावं लागतं, आईला माझा नंबर लिहून द्यावा लागतो. एका स्पर्धेत मुलींना कपडे बदलायला खोलीच नव्हती. जिन्याखाली मी चादर धरून उभी होते. आयोजकांशी भांडलेसुद्धा. अशी भांडणं तुलाही करावी लागतील.

बाबांना ऋतुजा भोसलेबद्दल सांग. मूळ श्रीरामपूरची. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. तिकडे 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला मनाई केली. त्यातून मुलींचे संघ वाढले, शिष्यवृत्त्या आल्या. मुलींच्या टेनिस संघाची प्रशिक्षक ही तिथे पूर्ण वेळ पगाराची नोकरी आहे. आपल्याकडे मुलींच्या चेंडूंच्या डब्यांसाठी अजून अर्ज घेऊन दारोदार फिरावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

यंदा झोनलला खेळलीस तर सहभागाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घे. नाव, वर्ष, शिक्का तपासून घे आणि लॅमिनेशन करू नकोस. बी.पी.एड.च्या प्रवेशाला मूळ प्रत बघतात.