बाबांची वही आणि ४७ हा आकडा

प्रश्न : काका, माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. महिन्याला दोन-अडीच हजारांची लॉटरीची तिकिटं घेतात. निकालातले शेवटचे दोन आकडे वहीत उतरवून ठेवतात. “४० आठवडे ४७ आलेला नाही, आता यायलाच हवा,” म्हणत त्या शेवटाची तिकिटं शोधतात. ‘सरकारी लॉटरी म्हणजे मटका नव्हे’ हे पालुपद आहेच. परवा २५ लाख लागल्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला. आधी बारा हजार ‘प्रोसेसिंग फी’ भरा म्हणतात. बाबांना कसं समजावू? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : काका म्हणालीस, म्हणून एकेरीच लिहितो. आधी ते बारा हजार. एक पैसाही भरू देऊ नकोस. जे तिकीट घेतलंच नाही, त्याला बक्षीस कसं लागेल? खऱ्या लॉटरीत मूळ तिकीट दाखवावं लागतं आणि कर बक्षिसातूनच कापतात, आगाऊ कोणी मागत नाही. वाशीच्या बँकेत मी ३१ वर्षं काढली. अशी ‘फी’ भरायला आलेली माणसं काउंटरवर पाहिली आहेत. काहींना अडवता आलं, काहींना नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. पैसे गेलेच असतील तर तासाभराचाही वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन कर.

मटक्याबद्दल बाबा बरोबर आहेत. केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राने १९६९ मध्ये. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी घातली. पण कायदेशीर म्हणजे फायद्याचं नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे १०० रुपयांच्या तिकिटातले साधारण साडेअठ्ठावीस रुपये आधीच करात गेले. विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सरकारचा वाटा निघून उरेल त्यातून बक्षिसं. मोठं बक्षीस लागलंच, तर त्यावर सेस धरून किमान ३१.२ टक्के प्राप्तिकर, आणि वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

आता वही. बाबा वेडेपणा करत नाहीत. मला वाटतं, ते हाऊजीचा हिशोब लॉटरीला लावताहेत. गणपतीत सोसायटीत खेळतो ना, तीच हाऊजी. तिचे १ ते ९० आकडे इटलीतल्या जेनोवाच्या जुन्या लॉटरीतून आलेले आहेत. तिथे नगरसभेसाठी चिठ्ठ्या टाकून पाच जण निवडत आणि लोक त्यांच्या नावांवर पैजा लावत. पुढे नावांच्या जागी आकडे आले. हाऊजीत निघालेली सोंगटी पिशवीत परत जात नाही. म्हणून राहिलेला आकडा ‘आता येणार’ हे तिथे खरंच आहे. लॉटरीत मात्र प्रत्येक सोडतीला सगळे आकडे पुन्हा आत असतात. ४७ ची शक्यता गेल्या आठवड्यात १०० त १ होती, पुढच्याही आठवड्यात तेवढीच.

आणि ४० आठवडे न येणं यात नवल काहीच नाही. १०० पैकी सुमारे ६७ आकडे ४० सोडतींत एकदाही येत नाहीत. बाबांच्या वहीत ४७ सारखे ‘राहिलेले’ कितीतरी असतील. त्यांची नजर एकावर बसली आहे, इतकंच. एकच शेवट धरून १०० आठवडे तिकीट घेतलं, तरी तो एकदाही न लागण्याची शक्यता ३७ टक्के उरते.

हे तोंडी सांगून पटत नाही. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाशी मी दोन वर्षं वाद घातला, अबोलाही झाला. शेवटी एका रविवारी ०० ते ९९ अशा १०० चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. एक काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. असं ४० वेळा. मग न आलेले आकडे मोजले, ६५ निघाले. दादाने ते पुन्हा स्वतः मोजले. त्या दिवशी तो काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यात त्याची तिकिटं दोनवर आली आणि तिथेच राहिली.

तूही असंच कर. फक्त चिठ्ठ्या बाबांनाच लिहू दे, डबाही त्यांनाच हलवू दे.